भाऊ कोल्हापूरच्या अग्निशमन दलात आहे. पुरातून मृतदेह काढल्यापासून गप्प झालाय. लगेच समुपदेशनाला बसवावं का?

लगेच बळजबरीने बोलतं करू नका. आधी झोप, गरम जेवण आणि दलातलाच विश्वासाचा माणूस सोबत, एवढं सांभाळा. घटनेनंतर सगळ्या तुकडीला एकत्र बसवून प्रसंग पुन्हा सांगायला लावण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. पण त्याने पुढचा आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करत नाही. झोपेच्या गोळ्याही परस्पर देऊ नका. पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपिन (झोप आणणाऱ्या, मन शांत करणाऱ्या गोळ्यांचा एक गट) नको, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पंचगंगेचं पाणी ओसरलं तरी ओल्या गाळाच्या वासाने दचकणं, रात्री उठून बसणं काही आठवडे चालू शकतं, आणि बहुतेकांचं ते हळूहळू कमी होतं. महिन्यानंतरही तसंच राहिलं तर मात्र कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्याच. आघातावरचे खास उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. दारू वाढली किंवा जगण्यात अर्थ नाही असं तो बोलला, तर महिन्याची वाट बघूच नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्री-अपरात्रीही, मोफत, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही फोन करून विचारू शकता.