‘आज किती खाल्लं?’ : पाळणाघरातल्या ताटाबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पाळणाघरातल्या खाण्याबद्दल होती. आहारतज्ज्ञ म्हणून काम सुरू करण्याआधी नऊ वर्षं मी एका पाळणाघराचं स्वयंपाकघर सांभाळलं आहे, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा. चार पत्रं निवडली आहेत.

माझी मुलगी १९ महिन्यांची आहे. दिवसाचे नऊ तास ती पाळणाघरात असते. रोज संध्याकाळी वहीत लिहिलेलं असतं, ‘दुपारी तीन घास, मग तोंड फिरवलं.’ घरी मोबाइलवर गाणी लावली की वाटी कधी रिकामी झाली ते तिला कळतही नाही. ताईंना तसंच भरवायला सांगू का?
– एक आई

नका सांगू. ‘तिला कळतही नाही’ असं तुम्ही स्वतःच लिहिलं आहे आणि खरी अडचण तिथेच आहे. भूक लागली, पोट भरलं, आता पुरे, हे कळण्याची शक्ती मूल जन्मतःच घेऊन येतं. स्तनपान करणारं बाळ पोट भरलं की आपणहून तोंड सोडतं. पडद्यावर डोळे खिळले की ही जाणीव मागे पडते आणि घास नुसता आत जात राहतो. पाळणाघरात तिचं तिला कळतं आहे, म्हणून तर ती तोंड फिरवते.

आता तीन घासांचं बघू. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, म्हणजे तीन किलोचं बाळ नऊ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मात्र जेमतेम दोन ते अडीच किलोची भर पडते. वाढीचा वेग असा एकदम उतरला की भूकही उतरते. नेमक्या याच वयात मूल चालायला, पळायला लागतं आणि जेवायला बसणं त्याला नको होतं. घरातल्यांना वाटतं, काहीतरी बिनसलं. बहुतेक वेळा काहीही बिनसलेलं नसतं.

तरी एक गोष्ट ताईंना आवर्जून विचारा : जेवणाआधी शेवटचं खाणं किंवा दूध कधी दिलं जातं? माझ्या पाहण्यातल्या कितीतरी ‘न जेवणाऱ्या’ मुलांचं कोडं इथेच सुटलं आहे. जेवण बाराला आणि सव्वाअकराला दुधाची बाटली, असं असेल तर तीन घास हेच खूप झाले. दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तास मोकळे हवेत आणि त्या वेळात फक्त पाणी.

एक जुनी हकिगत सांगते, मला ती फार धीर देते. १९२६ साली अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकतीच अंगावरून तुटलेली बाळं घेऊन एक प्रयोग सुरू केला. पुढे एकूण १५ मुलं त्यात होती. मुलांसमोर ताटं ठेवायची, मूल ज्याकडे हात नेईल तेच द्यायचं, आग्रह नाही, शाबासकी नाही, कपाळावर आठीही नाही. मुलं विचित्र खायची. एक दिवस अंड्यांवर अंडी, दुसऱ्या दिवशी केळ्यांवर ताव. पण काही महिन्यांचा हिशेब मांडला तेव्हा सगळी धडधाकट वाढली होती. मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडण्याचा आजार, घेऊन आलेलं एक मूल समोर ठेवलेलं कॉड माशाच्या यकृताचं तेल (ड जीवनसत्त्वाने भरलेलं) आपणहून प्यायचं, आणि बरं झाल्यावर त्याने ते सोडून दिलं! मात्र डॉ. डेव्हिस यांनी स्वतःच बजावलं होतं की यातली खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. मुलांपुढे ठेवलेले ३४ पदार्थ सगळे साधे, सकस होते. साखर नव्हती, तयार पाकिटातलं काही नव्हतं.

म्हणून कामाची वाटणी अशी : काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ही वाटणी मांडली आणि जगभरच्या बालवाड्यांत आज ती शिकवली जाते. वाचायला सोपी आहे, पाळायला कठीण, कारण मुलाचं उरलेलं ताट बघताना आपलाच जीव वरखाली होतो.

आमच्याकडे दोन वर्षांचा एक मुलगा होता. ताटात उकडलेल्या भोपळ्याची फोड दिसली की तो ती दोन बोटांनी उचलून टेबलाच्या कडेला नेऊन ठेवायचा. आम्ही कुणी काही बोललो नाही, फक्त एक-दोन दिवसांआड ताटात फोड येत राहिली. चौथ्या-पाचव्या वेळी त्याने ती बोटाने दाबून बघितली. मग बोट चाटलं. मग एक तुकडा तोंडात घालून तसाच बाहेर काढला. बाराव्या वेळी शेजारच्या मुलीकडे बघत बघत पूर्ण फोड खाल्ली आणि हात पुढे केला. नवी चव ओळखीची व्हायला आठ ते पंधरा वेळा ती समोर यावी लागते. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळीच ‘याला हे आवडत नाही’ असा शिक्का बसतो.

तर ताईंना ‘आज किती खाल्लं?’ हे विचारणं काही दिवस सोडून बघा. ‘आज कशाला हात लावला, काय चाखलं, स्वतःच्या हाताने खाल्लं का?’ असं विचारा. घरी मोबाइल बंद केलात की पहिला आठवडा जड जाईल, ती खरोखर कमी खाईल. त्या आठवड्यात तिच्यासोबत बसून तुम्हीही जेवा.

वजन-उंचीचा तक्ता मात्र नियमित भरा. तक्त्यावरची रेघ तिच्या तिच्या चालीने वर जात असेल तर निश्चिंत राहा. रेघ सपाट झाली किंवा खाली वळली, खाताना वारंवार ठसका किंवा उलटी होऊ लागली, गाठीचं अन्न चावताच येत नसेल, किंवा मूल मलूल दिसू लागलं, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मी पाळणाघर चालवते. एक ते चार वर्षांची १६ मुलं आहेत. डबे घरून येतात. कुणाच्या डब्यात बिस्किटं, कुणाच्या चिप्स, मग बाकीची मुलं तेच मागतात. आमच्याकडेच स्वयंपाक करावा का? काय द्यावं?
– एक पाळणाघरचालक

जमत असेल तर जरूर करा. दिवसभर तुमच्याकडे राहणाऱ्या मुलाचं निम्मं ते दोन तृतीयांश पोषण तुमच्याच हातून जायला हवं, इतका मोठा वाटा बिस्किटांवर सोडणं मला पटत नाही. आणि १६ मुलांच्या ताटात एकच जेवण असलं की मागामागीचा प्रश्न उरत नाही. शेजारच्याचं बघून मुलं जितकं खातात तितकं आपल्या सांगण्याने कधीच खात नाहीत.

ताटात चार गोष्टी आहेत का, एवढंच रोज तपासा : एखादं धान्य, डाळ-अंडं-मासे यांतलं काहीतरी, भाजी आणि फळ. वरून चमचाभर तेल किंवा लोणी. दोन वर्षांखालच्या मुलांच्या जेवणातली स्निग्धता कमी करू नका. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात आणि पोट तर त्याच्या मुठीएवढं. पातळ पाणीदार डाळ किंवा भाजीचं कढण दिलं तर पोट पाण्यानेच भरतं. डाळ चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट हवी. आमच्या स्वयंपाकघरात नवीन मदतनीस आली की मी पहिल्या दिवशी चमचा तिरका करून दाखवत असे.

या वयात कमी पडतं ते मुख्यतः लोह. डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही, पण सोबत क जीवनसत्त्व असलं तर शोषण वाढतं. म्हणून डाळीवर लिंबू पिळा, किंवा जेवणातच संत्र्याच्या किंवा पेरूच्या मऊ फोडी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शनात सहा ते २३ महिन्यांच्या मुलांना अंडी, मासे किंवा मांस यांपैकी काहीतरी रोज द्यावं असं म्हटलं आहे. जी कुटुंबं हे खात नाहीत त्यांच्या मुलांसाठी डाळी, कडधान्यं आणि दाण्यांचं बारीक वाटण यांचं प्रमाण वाढवा, आणि लोहाबद्दल डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यायला पालकांना सांगा.

वाढताना थोडं वाढा. मूल जितक्या वर्षांचं तितके मोठे चमचे प्रत्येक पदार्थाचे, हा अंदाज पुरतो. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे डाळ. हवं असेल तर ते पुन्हा मागेल. भरलेलं ताट बघून लहान मुलं दबून जातात. फळांचा रस देऊ नका, फळच मऊ फोडी करून द्या.

आणि एक विनंती. ‘भाजी संपव, मग गोड देते’ हे वाक्य पाळणाघरातून पूर्ण काढून टाका. त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे.

पालकांना डब्याबद्दल तोंडी सांगून भागत नाही, मनं दुखावतात. आठवड्याचं जेवण लिहून दारावर लावा. तीन आठवड्यांत बिस्किटांचे डबे आपोआप कमी होतात, हा माझा अनुभव आहे.

नातू तीन वर्षांचा आहे. जेवत नाही, पण दिवसाला लिटरभर दूध आवडीने पितो. दूध म्हणजे पूर्णान्नच, मग काळजी कशाला?
– एक आजोबा

आजोबा, काळजी करायला हवी. लिटरभर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतं आणि नातवाची रोजची गरज सात मिलिग्रॅमची आहे. वर दुधाने पोट भरल्यामुळे तो जेवत नाही, आणि दुधातल्या कॅल्शियममुळे इतर अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. अशी मुलं दिसायला गुटगुटीत असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. खालची पापणी हलकेच ओढून आतली लाली बघा. फिकट वाटो न वाटो, एकदा रक्त तपासून घ्या. या वयात हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर तो पंडुरोग समजतात. दूध ४०० ते ५०० मिलिलिटरवर आणा, बाटली बंद करून कपाने द्या, आणि जेवणाच्या आधी नको, नंतर द्या.

मी पाळणाघरात नुकतीच मदतनीस म्हणून लागले आहे. लहान मुलांना काय देऊ नये?
– एक ताई

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

माझ्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट. दुपारच्या खाण्याला द्राक्षं होती, धुऊन अख्खीच वाडग्यात ठेवलेली. अडीच वर्षांची एक मुलगी हसता हसता एकदम गप्प झाली. खोकला नाही, रडणं नाही, आवाजच नाही. तोंड उघडं आणि डोळे माझ्याकडे. तिला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने मारलं. चौथ्या थापेला द्राक्ष बाहेर पडलं आणि ती रडली. ते रडणं मला अजून ऐकू येतं.

खोकणारं, लालबुंद झालेलं मूल श्वास घेत असतं, त्याला खोकू द्या. गप्प झालेल्या मुलाकडे धाव घ्या. वर्षावरच्या मुलाला पाठीवर पाच थापा, त्याने झालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके. वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नसतात, पाठीवर थापा आणि मग छातीवर दाब. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, अडकलेलं आणखी खाली जातं. दुसऱ्या कुणाला तरी ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायला सांगा. हे वाचून येत नाही, चालकांना सांगून प्रशिक्षण घ्या.

द्राक्षं उभी चिरा, चार भाग करा. आडवी चिरली तर गोल चकती तशीच अडकू शकते. अख्खे दाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या पाच वर्षांपर्यंत नको. गाजर, सफरचंद कच्चं नको, वाफवून बोटाने दाबलं जाईल इतकं मऊ करा. खाताना मूल बसलेलंच हवं आणि तुम्ही समोर. वर्षाच्या आत मध अजिबात नको, चाटणसुद्धा नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी जीवघेणी विषबाधा, होऊ शकतो.

शेंगदाण्याबद्दल पालक घाबरून विचारतील. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना वर्षाच्या आतच वाटलेला शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात पुढे त्याची ॲलर्जी कितीतरी कमी आढळली. पण इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाला पहिल्यांदा द्यायचं ते डॉक्टरांना विचारून, आणि ते घरी, पाळणाघरात नाही. कुणाला कशाची ॲलर्जी आहे त्याची यादी ओट्याच्या वर, डोळ्यांसमोर लावा.

भात शिजल्यावर दोन तासांच्या आत वाढा किंवा पसरट ताटात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या भातात एक जिवाणू असं विष तयार करतो की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. सकाळचा भात दुपारी चारपर्यंत ओट्यावर राहिला असेल तर टाकून द्या, कुणी कितीही हळहळलं तरी.