मुक्काम पाण्यावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची 6 मीटर लांबीची फायबरची बोट आहे. चांगदेवजवळ, हतनूर धरणाच्या फुगवट्यात, 4 मीटर पाण्यात 6 किलोचा नांगर टाकून झोपलो. दोर 10 मीटर सोडला होता. पहाटे पाहतो तर बोट काठच्या बेशरमाच्या झुडपांत शिरलेली. नांगर हलका पडला का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : नांगर पुरेसा आहे, दोर तोकडा पडला. शेतातल्या नांगराचंच गणित इथे लागू होतं. ओढ आडवी असली तर फाळ गाळात शिरतो, वरून खेचला की उपटून येतो. पाणी 4 मीटर, बोटीचं नाक पाण्याच्या वर अर्धा मीटर, म्हणजे साडेचार. रात्रभरासाठी याच्या सातपट, साधारण 32 मीटर सोडा. त्यात नांगराला लागून 5 मीटर साखळी आणि पुढे 12 मिलिमीटरचा नायलॉन दोर. मोटरपंपाला बांधतात तो प्लास्टिकचा दोर वापरू नका; तो तरंगतो आणि प्रोपेलरला गुंडाळतो.

नाक वाऱ्याकडे करून बोट थांबवा आणि नांगर हातानं तळाला टेकवा. फेकायचा नाही, फेकला की साखळी त्याच्यावरच ढीग होऊन बसते. बोट मागे सरकेल तसा दोर देत जा. पूर्ण सुटल्यावर बांधा आणि इंजिन मंद रिव्हर्समध्ये अर्धा मिनिट चालवा. दोरावर तळहात ठेवा : ओढ एकसारखी लागली तर नांगर बसला, दोर थरथरला, मधेच धक्के आले तर तो तळावरून घासतोय. उचलून पुन्हा टाका. वर आलेल्या फाळाला काळा गाळ चिकटलेला नसेल तर तो रुतलाच नव्हता.

काठावरचा विजेचा खांब आणि त्यामागचं झाड एका रेषेत धरून ठेवा. रेष मोडली तरी घाबरू नका, वारा फिरला की बोटही फिरते. पण ती नांगर टाकल्या जागेपासून 40 मीटरच्या पलीकडे गेली तर नांगर सुटला. तेवढ्या घेरात जाळी, केळीच्या बागांचे पंप आणि त्यांच्या केबली नकोत. जाळी संध्याकाळी लागतात, म्हणून आधी तिथल्या भोई मंडळींना विचारा. रात्रभर चारही बाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा लावा. 5 वॅटचा दिवा 12 तासांत 12 व्होल्टच्या बॅटरीतून 5 अँपिअर-तास घेतो.

प्रश्न : धडगावकडे नर्मदेच्या पाण्यात काठच्या झाडाला बोट बांधली तर? (नंदुरबार)

उत्तर : घट्ट बांधू नका. तिथलं पाणी सरदार सरोवराच्या फुगवट्याचं. त्याची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 138.68 मीटर, पावसाळ्यानंतर पाणी उतरत जातं. तिथले काठ उभे आहेत. पाणी ओसरलं की आखडलेल्या दोरानं बोट कलते किंवा बुडालेल्या खोडावर टेकते. दोराचा फास झाडाला न बांधता दोर झाडाभोवती फिरवून त्याची दोन्ही टोकं बोटीवर आणा, म्हणजे काठावर न उतरता सोडता येईल. खोल पाण्यात नांगर टाकणार असाल तर त्याच्या मागच्या बाजूला वेगळी दोरी आणि तरंगता डबा बांधा. खोडात अडकलेला नांगर त्या दोरीनं उलटा ओढला की सुटतो.

प्रश्न : जानेवारीच्या थंडीत ताडपत्रीखाली शेगडी चालेल का? (जळगाव)

उत्तर : मुळीच नाही. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. स्वयंपाक काठावर उरकून घ्या आणि रात्री घोंगडी पांघरा.