कंपन्या एकत्र येतायत, तरी स्ट्रीमिंगचं बिल वाढतच का चाललंय?

कारण विलीनीकरण आपला खर्च वाचावा म्हणून होतच नाही. सुरुवातीची स्वस्ताई गिऱ्हाईक जोडायला तोटा सोसून दिलेली होती. 2022 च्या सुरुवातीला नेटफ्लिक्सचे ग्राहक घटले आणि गुंतवणूकदार ग्राहकसंख्येऐवजी नफा विचारू लागले. त्याच वर्षी जाहिरातींचा प्लॅन आला, 2023 मध्ये पासवर्ड वाटून घेण्यावर टाच. वॉर्नरमीडिया आणि डिस्कव्हरी या टीव्ही-मनोरंजनातल्या दोन अमेरिकी कंपन्या एप्रिल 2022 मध्ये एक झाल्या, पण डोक्यावर कर्जाचा डोंगर. मग खर्च वाचवायला तयार मालिकाच ॲपवरून काढल्या. दुकान मोठं, माल कमी!

मला झोंबलं ते वेगळंच. एका ॲपची वर्षाची वर्गणी आधीच भरलेली, तरी मधेच जाहिराती सुरू. नको असतील तर वरचे पैसे भरा म्हणे. रद्द करायचं बटण चार पानं आत, आणि दर पानावर ‘नक्की जाताय?’

आता मी एका वेळी एकच ॲप ठेवतो, तेही महिन्याच्या बोलीवर. पैसे भरले की लगेच ऑटो-रिन्यू बंद करायचं. बहुतेक ठिकाणी भरलेली मुदत संपेपर्यंत सगळं दिसतं.