मित्र म्हणतात स्प्रिंट ट्रायथलॉनला काही अर्थ नाही, थेट हाफ आयर्नमॅनच कर. वय 42, दहा किलोमीटर धावतो, पोहणं कच्चं, सायकल साधी. काय करावं?

स्प्रिंट करा. मित्रांचं ऐकू नका.

एवढं लिहून थांबणार होते, पण "काही अर्थ नाही" हे शब्द मी आमच्याच घरात, जेवणाच्या पंगतीत ऐकलेत. त्यामुळे आता सगळंच लिहिते.

माझे दीर गोव्याची हाफ आयर्नमॅन करून आले. 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि वर 21.1 किलोमीटर धावणं. मोठीच गोष्ट आहे. मिरामारला आम्ही घरचे सगळे गेलो होतो आणि ते शेवटच्या वळणावर दिसले तेव्हा सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले होते. पुढे मी कोल्हापूरच्या स्प्रिंटला, म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावण्याच्या छोट्या ट्रायथलॉनला, नाव घातलं आणि रात्री जेवताना घरात सांगितलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, साडेसातशे मीटर, वीस आणि पाच? एवढं तर आमचं रविवारचं वॉर्मअप असतं. त्यासाठी पैसे कशाला भरताय?" सासूबाई हसल्या, नवरा मान खाली घालून जेवत राहिला. मी उठून ताटं आवरली. ते वाक्य मला लागलं आणि अजून लागतं, कारण ते चूक आहे. मी वाईट वाटून घेतेय म्हणून नाही, वस्तुस्थिती म्हणून चूक आहे.

आधी पाण्याचं सांगते, कारण तुमचं पोहणं कच्चं आहे.

माझं माहेर कृष्णाकाठचं. अण्णांनी मला पाठीला पत्र्याचा डबा बांधून नदीत सोडलं होतं. थोड्या दिवसांनी डबा सुटला आणि मी पोहायला लागले. पाय टेकायला तळ नाही, धरायला कठडा नाही, पाणी गढूळ, यालाच मी पोहणं समजत आले. स्विमिंग टँक मी पाहिला तो लग्नानंतर. तिथल्या सरांनी माझा हात सरळ केला, श्वास एका बाजूला घ्यायला शिकवला. शिकले. पण नदीने जे शिकवलं होतं ते टँकमध्ये कुणी शिकवत नाही, आणि शर्यतीत नेमकं तेच लागतं.

कोल्हापूरच्या राजाराम तलावावर शर्यतीच्या दिवशी उजाडायच्या आत गर्दी होती. माझ्या शेजारी एक उंच, तिशीतला मुलगा उभा होता. वॉर्मअपला तो असला सुंदर फ्रीस्टाइल मारत होता की बघत राहावं. शिट्टी झाली. पहिले शंभर मीटर पाण्यात नुसती झोंबाझोंबी असते. कुणाचा हात तुमच्या पाठीवर, कुणाची लाथ चष्म्यावर, आणि पाणी असं हिरवट की स्वतःचा कोपर दिसत नाही. मी कडेने निघाले होते, तोंड वर ठेवून, ब्रेस्टस्ट्रोक. आमच्याकडे त्याला बेडूक म्हणतात. पहिल्या नारिंगी बॉयपर्यंत, म्हणजे वाट दाखवायला पाण्यात सोडलेल्या तरंगत्या खुणेपर्यंत, पोचले तर तोच मुलगा कयाकला, मदतीच्या छोट्या होडीला, दोन्ही हातांनी धरून लटकलेला, ओठ पांढरे, श्वास भाता चालावा तसा. कयाकवाला त्याला काहीतरी सांगत होता आणि त्याच्या कानात शिरत नव्हतं. मी थांबले. म्हटलं, "दादा, श्वास घेऊ नका, आधी सोडा. सगळा सोडा. आणि उताणे व्हा." तो उताणा झाला. दोन-तीन लांब श्वास सोडल्यावर छाती मोकळी झाली. मी पुढे निघाले. शर्यत संपल्यावर तो शोधत आला, पायाला हात लावायला लागला. मी लावू दिला नाही. त्याने शर्यत पूर्ण केली होती, यातच सगळं आलं.

असं का होतं, तेवढं समजून घ्या. 25 मीटरच्या टँकमध्ये 750 मीटर म्हणजे 30 फेऱ्या. प्रत्येक फेरीला भिंत येते. तिला पायाने ढकलता तेव्हा दोन-तीन मीटर फुकट मिळतात, हातांना क्षणभर विश्रांती मिळते, आणि मनाला कळत असतं की हात लांबवला की कठडा आहे. तलावात यातलं काहीच नाही. माणूस घाबरतो, श्वास भराभर आणि वरवरचे व्हायला लागतात, आतली हवा पुरती बाहेर जात नाही, आणि दम लागलाय असं वाटून तो आणखी आत ओढतो. दमलेला नसतोच, कोंडलेला असतो. म्हणून टँकमध्येच सराव करा, पण भिंतीला हात न लावता. कठड्याच्या एक मीटर अलीकडून वळा. बाकी लोक वैतागतील, त्यांना सांगून ठेवा. दर सहा-आठ हातांनंतर फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोर बघायची सवय लावा, कारण तलावात तळाला काळी रेघ आखलेली नसते. बॉय लाटेआड जातो, म्हणून त्याच्यामागचं एखादं उंच झाड किंवा टाकी आधी हेरून ठेवायची. आणि एक नियम कुणी सांगत नाही: शर्यतीत कयाक किंवा बॉय धरून थांबायची मुभा असते, फक्त त्याला धरून पुढे सरकायचं नाही. पोहायची पद्धतही कुठलीही चालते. बेडकाला कुणी बाद करत नाही.

आता तो "वॉर्मअप"चा मुद्दा.

लांब शर्यतीत शरीर पुरवून वापरायचं असतं. खाणं, पाणी, मीठ, वेग, सगळं जपून. स्प्रिंटमध्ये जपायला वेळच नाही. आमच्यासारख्या हौशींना दीड ते दोन तास लागतात, आणि तो सगळा वेळ तुम्ही बोलता येणार नाही इतक्या जोरात चाललेले असता. पाण्यातून बाहेर येऊन सायकलपर्यंत जाणं, ज्याला टी-वन म्हणतात, ते हाफमध्ये आठ मिनिटं लागलं तरी कुणी विचारत नाही. स्प्रिंटमध्ये तीन मिनिटं घालवली तर वयोगटातली चार माणसं पुढे गेलेली असतात.

हे टी-वन मी घरी अंगणात केलंय. अंगावर बादली ओतून घ्यायची आणि हेल्मेटचा पट्टा लावायचा. करून बघा. ओली बोटं, पोहून आल्यावर हातांना सुटलेली थरथर, आणि हनुवटीखालची ती एवढीशी क्लिप दिसतही नाही. ती खट्ट वाजल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, नाहीतर दंड. परत येतानाही सायकल स्टँडवर टांगेपर्यंत क्लिप उघडायची नाही. मी हेल्मेट उलटं ठेवायचे, पट्टे दोन्ही बाजूंना बाहेर सोडलेले, आत नंबरचा बेल्ट. बुटात टाल्कम पावडर आणि नाडीऐवजी इलॅस्टिक. मोजे घालत नाही, ओल्या पायावर ते चढत नाहीत. सायकल टांगतानाच हलक्या गिअरवर ठेवायची. आमचं अंगण लहान, शेजारच्या काकू रोज बघायच्या. शर्यतीत मी सायकली टांगलेल्या चौकोनातून माझ्या पुढे पोहून गेलेल्या कितीतरी जणांच्या आधी बाहेर पडले.

मग वीस किलोमीटर. हौशींच्या बहुतेक शर्यतींत दुसऱ्याच्या मागे वारा चुकवत चालवायला बंदी असते, मध्ये दहा मीटर अंतर ठेवावं लागतं. म्हणजे वारा तुमचा तुम्हीच खायचा. आणि उतरल्यावर जे होतं ते दहा किलोमीटर धावणाऱ्या माणसाला ठाऊक नसतं: पाय लाकडाचे होतात. मांड्या अजून पेडलच मारत असतात. घड्याळ सांगतं वेग बरा आहे आणि वाटतं की आपण जागच्या जागी आहोत. पहिला किलोमीटर तसाच काढायचा, नंतर पाय परत येतात. याला उपाय एकच, आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या पंधरा-वीस मिनिटं पळायचं. उतरून चहा पिऊन पळालात तर ते धरायचं नाही.

हे सगळं करून मी पावणेदोन तासांच्या आत आले. घरी आल्यावर भाऊजींनी पहिलं काय विचारलं? "मग आता हाफ कधी?"

मित्रांना आणि भाऊजींना माझं एकच सांगणं आहे, जरा या खेळाचा इतिहास बघा. अमेरिकेत सॅन डिएगोत मिशन बेला 1974 मध्ये पहिली आधुनिक ट्रायथलॉन झाली ती छोटीच होती, संध्याकाळी कामावरून सुटून आलेल्या माणसांनी केलेली. त्यात 46 जण उतरले होते आणि त्यांतलाच एक जॉन कॉलिन्स. त्याने चार वर्षांनी हवाईत आयर्नमॅन, म्हणजे हाफच्या दुप्पट अंतराची शर्यत, सुरू केली. म्हणजे आयर्नमॅनवालासुद्धा आधी छोट्या शर्यतीतच उतरला. ऑलिंपिकमध्ये 2000 साली सिडनीत ट्रायथलॉन आली ती 1500 मीटर, 40 आणि 10 किलोमीटरची. आयर्नमॅन तिथे आजही नाही. टोकियोत मिक्स्ड रिले, म्हणजे दोन पुरुष आणि दोन स्त्रियांच्या संघाची शर्यत, आली, तिच्यात तर एकेकाच्या वाट्याला पाण्यात 300 मीटर. त्या पदकाला कुणी वॉर्मअप म्हणेल का? जर्मनीचा यान फ्रोडेनो 2008 मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकला, आणि मग हवाईची आयर्नमॅन तीनदा जिंकला. आधी वेग कमावला, मग अंतर वाढवलं. आपल्याकडे उलटं चाललंय. अंतराचा आकडा सांगायला सोपा, फोटोखाली लिहायला बरा. किती वेगाने केलं हे पाहुण्यांना सांगून कळत नाही, म्हणून त्याला किंमत नाही.

भाऊजींना मी दर वर्षी म्हणते, एकदा माझ्याबरोबर स्प्रिंटला उतरा, पूर्ण जोर लावून. दर वर्षी काहीतरी कारण निघतं. तुम्हीही मित्रांना विचारा, त्यांनी स्प्रिंट किती वेळात केली होती. केलीच नसेल तर तिला अर्थ आहे की नाही हे त्यांना कुठून कळलं?

तुमच्या सायकलचं: साधी म्हणजे गिअरची हायब्रीड असेल तर तीच आणा. टायरमध्ये हवा पूर्ण, ब्रेक तपासलेले, सीटची उंची नीट, एवढं पुरे. लाखाची कार्बनची सायकल घेऊन वीस किलोमीटरमध्ये तुमची दोन-चार मिनिटं वाचतील. तेवढे पैसे पोहण्याच्या कोचला द्या, त्यातून जास्त वाचतील. वेटसूट घेऊ नका, आपल्याकडचं पाणी त्याला फार गरम आहे. तयारीला किती महिने लागतील हे पोहण्यावर ठरेल. तुमचं धावणं आजही पुरेसं आहे, त्याचं वेळापत्रक मला विचारू नका.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांना दाखवून हृदयाची स्ट्रेस टेस्ट करून घ्या, दहा किलोमीटर पळत असलात तरी. या खेळात अचानक मृत्यू होतात ते सगळ्यात जास्त पाण्यात होतात, आणि पुरुषांचे जास्त होतात. शर्यतीत छातीत काही वेगळं वाटलं तर हात वर करून कयाक बोलवायचा, वेळेचा विचार करायचा नाही.

आणि नदीचं मी एवढं कौतुक केलं म्हणून कृष्णेत सरावाला उतरू नका. सांगली जिल्ह्यात नदीत मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेत. मीसुद्धा आता नदीत जात नाही. तलावात जायचं तर पोहणाऱ्या ग्रुपबरोबर, कमरेला नारिंगी फुगा बांधून, आणि काठावर एक माणूस उभा करून. तोवर टँक. सकाळच्या पहिल्या बॅचला गर्दी कमी असते, भिंतीला हात न लावता वळायला जागा मिळते.