साथ गेली, पण बसमध्ये चढताना धडधडतंच

"कोविड संपून एवढा काळ गेला तरी बसमध्ये चढायचं म्हटलं की छातीत धडधडतं, मला काही झालंय का?" हा प्रश्न अजूनही येतो माझ्याकडे, आणि विचारणारे बहुतेक ओशाळूनच विचारतात. त्यावर एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

चाळिशीतल्या, नोकरी करणाऱ्या ताई. आधी वर्षानुवर्षं बसनेच जायच्या, गर्दीत उभ्याने डुलकी काढणाऱ्यांपैकी. मग लॉकडाऊन, घरून काम, नंतर ऑफिस सुरू झालं तर स्कूटर. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं तेव्हा त्यांना वाटलं आता आपलंही संपेल, पण कसलं काय. एकदा स्कूटर रिपेअरला होती म्हणून बस पकडली, दांड्याला हात लागू नये म्हणून कोपर अडकवून उभ्या राहिल्या, मागे कोणीतरी खोकलं तसा श्वास रोखून धरला आणि दोन स्टॉप आधीच उतरून चालत गेल्या. उतरल्यावर इतकं हायसं वाटलं म्हणाल्या की विचारू नका.

खरी गोम त्या हायसं वाटण्यातच आहे. उतरलो आणि बरं वाटलं की मेंदू हिशोब मांडतो, उतरलो म्हणून वाचलो. शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून काहीच झालं नाही हा अनुभव त्याला मिळतच नाही, मग भीती खोटी ठरणार कशी? दर वेळी टाळलं की ती थोडी अजून घट्ट होते.

पण म्हणून मी त्यांना "उगाच घाबरताय" म्हटलं नाही. सीटवर फुल्या मारलेल्या, अंतर ठेवा अंतर ठेवा म्हणून सतत अनाउन्समेंट, शेजारचा प्रवासी म्हणजे धोका हे आपण सगळेच शिकलो आणि त्या वेळी ते शिकणं बरोबरच होतं. शिकवलं सगळ्यांनी मिळून, ते विसरायचं मात्र ज्याचं त्याने एकट्याने, हे मला जरा अन्यायाचंच वाटतं.

मग त्या बसमध्ये नेमकं काय काय करतात ते विचारलं. सीट पुसणं, दांडा पुसणं, सॅनिटायझर पुन्हा पुन्हा, आणि धूळ नको म्हणून खिडकी बंद! आता गंमत बघा, कोविड मुख्यतः हवेतून पसरतो, आणि वस्तूला हात लागून लागण व्हायची शक्यता अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्येच साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी सांगितली होती. म्हणजे उपयोगाची खिडकी बंद आणि पुसापुशी जोरात. वर तो रोखलेला श्वास, नंतर भसाभसा घेतला की चक्कर, हाताला मुंग्या, की यांना वाटायचं झालीच लागण.

थोड्या भेटी झाल्यावर वेगळंच निघालं. घरी सासूबाई, फुप्फुसं आधीच कमजोर. "मला झालं तर झालं हो, पण माझ्यामुळे त्यांना झालं तर?" हे म्हणताना पहिल्यांदा रडल्या. मग बोलणं बसवरून घरावर आलं, म्हणजे सासूबाईंच्या लसी, ताईंना स्वतःला सर्दी-ताप असेल तेव्हा मास्क लावून वेगळ्या खोलीत झोपणं. ही काळजी घरात घेता येते म्हटल्यावर बसवरचा भार बराच हलका झाला.

मग हळूहळू सराव. आधी दुपारची रिकामी बस, खिडकी उघडी, सॅनिटायझर पर्सच्या तळाशी. चढण्याआधी काय होईल असं वाटतंय ते कागदावर लिहायचं, उतरल्यावर काय झालं ते खाली लिहायचं, आणि धडधड वाढली तरी ती आपोआप उतरेपर्यंत बसून राहायचं. मधे एकदा कोणीतरी तोंडावर हात न धरता शिंकलं तर ताई जागा बदलून बसल्या आणि मग संध्याकाळभर चिडचिड, आपण हरलो म्हणून. मी म्हटलं अहो जागा बदललीत, बस नाही ना सोडलीत. (आणि तसं शिंकणाऱ्याचा राग मलाही येतोच.)

हे सगळ्यांना असं घरच्या घरी जमेलच असं नाही. बसबरोबर रांगा, लिफ्ट, गर्दीच्या जागा, एकट्याने बाहेर पडणं हेही सहा महिन्यांहून जास्त काळ बंद झालं असेल तर तज्ज्ञांना दाखवा, आणि धडधड नवीनच सुरू झाली असेल तर आधी डॉक्टरकडून हृदय, थायरॉइड तपासून घ्या.

ताई आता बसने जातात. मास्क पर्समध्ये असतो, आजूबाजूला खोकला जास्त वाटला की लावतात, त्याला मी हरकत घेत नाही. अगदी ठेचून भरलेली बस आली तर सोडून देतात, त्यावर घरचे म्हणतात बघ अजून घाबरतेस. पण तशी बस त्या २०१९ लाही सोडायच्याच.