ईमेल चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही

धावलेलं अंतर मोजणारं तुमचं जीपीएस घड्याळ ३२ हजारांचं. मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर त्याने ४२.८ दाखवले, मैदानावरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्यांचे १० ऐवजी १०.६. कंपनी बावीस महिने ‘तपासतो आहोत’ म्हणते आहे, आता ग्राहक आयोगात जाऊ का, असं तुम्ही विचारता. अशी पत्रं मला वारंवार येतात, आणि चूक बहुतेकांची एकच असते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ६९: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. ईमेलची देवाणघेवाण किंवा वकिलाची नोटीस यांनी ही मुदत वाढत नाही. दोष उशिरा कळला, असा युक्तिवाद करता येईल, विलंबमाफीही मागता येते. पण पुरेसं कारण पटवण्याचं ओझं तुमच्यावर. त्या भरवशावर राहू नका, खरेदीच्या तारखेपासूनच दिवस मोजा. तुमच्याकडे फार तर दोन महिने आहेत.

मॅरेथॉनचा फरक पुढे करू नका. मार्ग कमीत कमी अंतराच्या रेषेने मोजलेला असतो. तुम्ही वळणावर बाहेरून गेलात, पाण्याच्या टेबलाकडे वळलात, शिवाय पेडर रोडच्या उंच इमारतींवरून जीपीएसचा सिग्नल परावर्तित होतो. एवढ्या फरकाला दोष म्हणणं अवघड.

ट्रॅकचं मोजमाप मात्र बोलकं आहे, आणि नेमकं तिथेच तुम्ही लेन कोणती ते लिहिलेलं नाही! प्रमाणित ट्रॅकवर पहिल्या लेनची फेरी ४०० मीटरची, चौथीची सुमारे ४२२. चौथ्या लेनमधून २५ फेऱ्या म्हणजे साडेदहा किलोमीटरच्या वर. तसं असेल तर घड्याळ बरोबर आहे आणि तक्रारीत दम नाही. याच आठवड्यात पहिल्या लेनमधून, आतल्या कडेला धरून, दोन-तीनदा धावा आणि घड्याळातल्या नोंदींच्या फाइली जपून ठेवा. मधे घड्याळ रीसेट करून जुन्या नोंदी घालवल्यात, ते करायला नको होतं.

फरक पहिल्या लेनमध्येही तेवढाच निघाला, तर जाहिरातीतला अचूकतेचा दावा आणि बिल जोडून ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार टाका. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात ती चालते; ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. घड्याळ प्रयोगशाळेत तपासून घ्यायची विनंती कलम ३८ खाली तक्रारीतच करा. कायद्यात तपासणीसह पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बराच जास्त वेळ जातो, हे मी रोज पाहते. त्यात तुमच्याकडून आणखी एक दिवसही उशीर नको.