पिशवी काढली म्हणजे काय काढलं? (तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न: ताई नमस्कार, मी बीड जिल्ह्यात एका संस्थेत काम करते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर आमचा अभ्यास चालू आहे, ४० प्रश्नांचा फॉर्म मोबाईलवर भरून घ्यायचा असतो. पण बायका बोलतच नाहीत, सगळ्याला "काही नाही, बरंय" म्हणतात, शेजारी सासू नाहीतर नवरा बसलेला असतो. आमचे सर म्हणतात आधी एक पथनाट्य करू म्हणजे त्या मोकळ्या होतील. मी कॉलेजात नाटकात होते म्हणून ते माझ्यावर आलंय. पाळी, अंगावर जाणं, पिशवीचं (गर्भाशयाचं) ऑपरेशन सगळं वीस मिनिटात बसवायचंय. उपयोग होईल का?

उत्तर: अगं, पथनाट्य करूच नको असं मी म्हणणार नाही, पण आत्ता नको. पथनाट्यात तुम्ही बोलणार आणि त्या ऐकणार, आणि तुझी अडचण तर नेमकी उलटी आहे ना, त्यांनी बोलावं आणि तुम्ही ऐकावं. आपल्याकडे कला आणि आरोग्य म्हटलं की लगेच ढोलकी, घोषणा, लोहाच्या गोळ्या खा, हात धुवा हेच डोळ्यासमोर येतं. त्याचं मोल आहेच, गाडगेबाबांनी कीर्तनातून स्वच्छता गावोगाव नेली. पण ते सांगण्याचं काम झालं. अभ्यासात कला आणायची ती विचारण्यासाठी.

आणि तुमच्या विषयात तर फार दमानं घ्यायला पाहिजे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहातली एक. तुझ्याआधी किती जण कागद आणि कॅमेरे घेऊन त्या दारात येऊन गेले असतील विचार कर. मग तिने "बरंय" म्हटलं तर मला त्यात नवल वाटत नाही.

पण एवढ्या मोठ्या आकड्यातूनही एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे त्या बाईच्या मनात पिशवी म्हणजे काय आहे. कुठे असते, केवढी असते, काढल्यावर त्या जागी काय राहतं, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, मुकादमाने (तोडीला नेणाऱ्या ठेकेदाराने) काय, जावेने काय, कॅन्सर होईल असं पहिल्यांदा कोण म्हणालं. "पिशवी काढली" आपण इतकं सहज बोलतो. तर तेच विचार ना, पिशवी काढली म्हणजे काय काढलं, पण उत्तर तोंडी नको, कागदावर काढून दाखवा म्हण.

याला बॉडी मॅपिंग म्हणतात आणि हे नवं नाही. २००२ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एचआयव्ही असलेल्या बायकांनी आपल्या उंचीएवढ्या कागदावर स्वतःच्या शरीराची बाह्यरेषा काढून घेतली आणि आत रंग भरले, विषाणू कुठे बसलाय, औषध काय करतंय, कुठला व्रण कशाचा. सगळ्यांना औषधं देण्याची सरकारी योजना तेव्हा तिथे सुरूही झाली नव्हती. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते, बाईच्या आकृतीमागे अजून एक आकृती असायची, सावलीसारखी, तिला आधार देणाऱ्या माणसाची. कुठल्या फॉर्ममध्ये हा रकाना असतो सांग.

आता हे जसंच्या तसं उचलू नको. आपल्या बायकांना जमिनीवर आडवं करून भोवती रेघ मारली तर काहींना ते अशुभ वाटेल, आणि लाज वाटेल ती वेगळीच. त्यापेक्षा मोठा खाकी कागद घे, नाहीतर सारवलेल्या अंगणात रांगोळीनेच एका बाईची आकृती काढा, आणि ती कुणाचीच नको. तिचं नाव त्यांनाच ठेवू दे. "ही आपल्यातलीच, चौदा वर्षाची असताना लग्न झालं, कोयत्यावर जाते" एवढं तू सांग आणि गप्प बस. मग दुखतं कुठे तिथे टिकली लाव, ओझं कुठे येतं तिथे चिंचोका ठेव, पिशवी कुठे ते गेरूने काढ. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना जे होतं ते "तिचं" म्हणून सांगता येतं, स्वतःचं म्हणून सासूसमोर सांगता येत नाही. आणि सासूला बाहेर काढू नको, तिचा वेगळा गट कर, तीही याच फडातून आलेली आहे.

चित्र चुकलं तर लगेच दुरुस्त करायचं नाही हं. कुणी पिशवी पोटाच्या वर काढेल, कुणी नारळाएवढी काढेल. तू गालात हसलीस किंवा लगेच चार्ट उघडलास की संपलं, पुन्हा शाळा झाली. आधी सगळ्यांचं होऊ दे, का असं काढलं ते ऐकून घे, मग त्यांनी विचारलं तर चार्ट दाखव. विचारतातच. आणि बोलता बोलता एखादी रडली, अजून रक्त जातंय म्हणाली, तर पुढे काय करायचं हे आधी ठरवून ठेव. दवाखान्यात सोबत कोण जाणार, पैसे कुठून येणार. ही तयारी नसेल तर तो विषय उघडायचाच नाही, या बाबतीत मी अजिबात मऊ नाही.

वेळेचं बघ. फडावर असताना करू नको, पहाटे अंधारात उठून रात्री कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) येऊन चूल पेटवणारी बाई तुझ्यासाठी दोन तास कुठून आणेल, आणि खाडा झाला तर पैसे तिचे कापले जाणार. पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडणीचा हंगाम संपल्यावर, गावी परत येतात तेव्हा कर.

सरांना पटवायचं असेल तर त्यांना चीनमधल्या युनानचं सांग. १९९० च्या दशकात तिथे खेड्यापाड्यातल्या ६२ बायकांच्या हातात कॅमेरे दिले, अभ्यास होता बायकांच्या आरोग्याचा. फोटो आले त्यात शेतात काम करणाऱ्या आया आणि त्यांच्या मागे एकटी राहणारी लहान पोरं यांचा प्रश्नही आला, मग पाळणाघराचा विचार त्यातून पुढे गेला. म्हणजे बायकांनी प्रश्नच हलवला. तुझ्याकडेही हे होऊ शकतं. तुम्ही पिशवीबद्दल विचाराल आणि त्या उचलीबद्दल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशाबद्दल बोलतील, पाण्याबद्दल, आडोशाबद्दल. तेव्हा ४० प्रश्नांचा फॉर्म बदलायची सरांची तयारी आहे का, हे मात्र आधी विचारून घे. नसेल तर चित्रं काढून घेऊ नको, त्यांचा वेळ फुकट जाईल.

प्रश्न: आमचं कलापथक आहे, नगर जिल्हा. टीबीवर एका प्रकल्पाने स्क्रिप्ट पाठवली आहे, २५ प्रयोग करायचे आणि प्रयोग संपला की लगेच प्रेक्षकांकडून फॉर्म भरून घ्यायचे. भाषा पुस्तकी आहे, गाणं तर चालीत बसतच नाही. बदललं तर चालेल का?

उत्तर: शाहीर, बदलाच, पण गुपचूप नको, त्यांना बोलावून घ्या, तालमीला बसवा. गावाची भाषा तुम्हाला येते म्हणूनच ते तुमच्याकडे आलेत. माझं तर म्हणणं आहे शेवट कापून टाका. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी एक प्रकार रुळवला, फोरम थिएटर, त्यात नाटक पेचावर थांबतं आणि प्रेक्षकातला माणूस उठून पात्राच्या जागी येतो, तो काय करेल ते करून दाखवतो. बंगालमध्ये १९८५ मध्ये सुरू झालेली जन संस्कृती ही संस्था कितीतरी वर्षं हे गावागावात करते आहे. तुमच्याकडे सोंगाड्या आहेच, तो लोकांशी थेट बोलतो, त्याच्याकडे हे काम द्या. सुनेला टीबी झालाय, सहा महिने गोळ्या घ्यायच्यात, घरात सांगायचं की नाही, इथे थांबा आणि विचारा. लोक उठून जे बोलतील ते त्या फॉर्मपेक्षा जास्त सांगून जाईल.

आणि प्रयोगानंतर तिथेच गर्दीत फॉर्म भरून घेण्याला ठाम नाही म्हणा. टीबीबद्दल चारचौघात कोण खरं लिहील, आणि ज्याने लिहिलं त्याच्याकडे सगळं गाव बघेल. लोकांनी नाटक बघायला होकार दिला म्हणजे अभ्यासाला दिला असं होत नाही, तो वेगळा विचारायचा असतो, घरी जाऊन. मानधन तालमीच्या दिवसांचंही मागा. अहवालात कलापथकाचं नाव यायला पाहिजे हेही आधीच लिहून घ्या.

प्रश्न: मी पुण्यात पीएचडी करते. गावातल्या मुलींकडून पाळीवर चित्रं काढून घेतली, गाईड म्हणतात चित्र म्हणजे डेटा नाही. आणि मला त्यांचं प्रदर्शनही करायचंय.

उत्तर: नुसतं चित्र बघून तू अर्थ लावलास तर गाईड बरोबर आहेत. लाल रंग म्हणजे राग असं आपण ठरवायचं नाही, कदाचित पेटीत तेवढाच खडू उरला असेल. चित्राबद्दल ती मुलगी काय म्हणाली ते तिच्याच शब्दात लिहिलेलं असेल तर तो डेटा आहे, पक्का. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव जपलंय, म्हणून आज त्यातून बायकांचं जगणं वाचता येतं.

प्रदर्शनाचं मात्र जपून. धारावीत २०१५ मध्ये स्नेहा संस्थेने कला आणि आरोग्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात बायकांनी घरातल्या हिंसेचा नकाशा कापडावर शिवला होता, कितीतरी हातांनी मिळून केलेला, त्यामुळे कुणा एकीवर बोट जात नाही. तुझी चित्रं एकेकीची आहेत. खूप वर्षांपूर्वी एका प्रकल्पात आम्ही नावं झाकून चित्रं गावच्या शाळेत लावली आणि एका सासूने दाराच्या रंगावरून सुनेचं चित्र ओळखलं. त्या मुलीला घरी काय ऐकावं लागलं ते मला अजून विसरता येत नाही, चूक आमची होती. म्हणून अभ्यासाची परवानगी वेगळी, प्रदर्शनाची वेगळी, मुली अठराच्या आतल्या असतील तर पालकांची आणि त्यांची स्वतःची दोन्ही, आणि लावायच्या आदल्या दिवशी परत एकदा विचारायचं. नको म्हणाली तर काढून टाक, कारण विचारू नको. मूळ चित्र तिच्याकडे राहू दे, तुला फोटो पुरेल.